जुनी पोलो जीटी टीएसआय: मोठे ब्रेक बसवू की आहेत तेच नीट करून घेऊ?

घाटवेडी (कोथरूड)

नमस्कार. गाडी पोलो जीटी टीएसआय, २०१४ ची. १.२ टर्बो, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). सेकंडहँड घेतली आहे. इंजिन आजही इतकं तडफदार आहे की ही गाडी मला अजून खूप वर्षं ठेवायची आहे. प्रश्न ब्रेकचा आहे.

सिंहगडावरून उतरताना, गाडीत आम्ही तिघं, निम्मा घाट झाल्यावर पेडल खोल जायला लागलं. एरवी जिथे ब्रेक धरतो त्याच्या बरंच खाली, आणि पायाला मऊ. जळका वासही आला. खाली येऊन अर्धा तास थांबलो तर पेडल पुन्हा पहिल्यासारखं. याशिवाय हायवेला ९०-१०० वरून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि पुढचं डावं अलॉय उजव्यापेक्षा कायम जास्त काळं होतं.

गॅरेजवाल्यांनी गाडी न उचलताच सांगितलं की इंजिनात एवढा दम आहे तर ब्रेकही मोठे हवेत. पुढे २८८ मिमीच्या भोकं पाडलेल्या डिस्क, त्यांचे मोठे कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे भाग), आणि मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क. बजेट चाळीस हजारांच्या आसपास आहे. रिमॅप (सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवणं) केलेला नाही, ट्रॅकवर जात नाही, पण ताम्हिणी, वरंधा, सिंहगड हे चालूच असतं. पैसे घालायची तयारी आहे, फक्त योग्य जागी घालायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

सहकारनगर_टर्बो

माझीही जीटी टीएसआयच, पण रिमॅप केलेली. २८८ बसवून घेतलेत आणि समाधानी आहे. वेगात लागोपाठ ब्रेक मारले तरी पेडल तसंच राहतं, पाय भरवशाने ठेवता येतो. २८८ बाय २५ ची डिस्क फोक्सवॅगन समूहाच्या बऱ्याच गाड्यांना आहे, त्यामुळे चांगल्या कंपनीचा माल मिळतो.

दोन गोष्टी मात्र आधी बघा. एक, कॅलिपर आणि अलॉयच्या आरा यांच्यामध्ये किती जागा उरते. १५ इंची रिममध्ये ही डिस्क बसते, पण प्रत्येक अलॉयचा आकार वेगळा असतो, चाक हाताने पूर्ण फिरवून बघावं लागतं. दुसरी, स्टेपनी. ती नव्या कॅलिपरवर चढते का, हे गॅरेजमध्येच चढवून बघा. वरंध्यात पंक्चर झाल्यावर हे कळून उपयोग नाही.

भोकंवाली डिस्क मी घेतली नाही, साधी घेतली.

भोसरीचा टेस्टबेंच

घाटवेडी ताई, माझी सगळी नोकरी ब्रेक पॅडच्या चाचण्या घेण्यात झाली. तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की बरंचसं निदान त्यातच आहे. आणि गाडी न उचलता ज्यांनी एवढा खर्च सांगितला, त्यांच्याकडे ब्रेकचं काम देऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो.

घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी जातात. पॅड तापून घसरायला लागला तर पेडल टणकच राहतं, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. दुसऱ्या प्रकारात पेडल खोल जातं आणि मऊ लागतं. याचा अर्थ ब्रेक ऑइल कॅलिपरमध्ये उकळलं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून तुमच्या पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यात जातो. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल पूर्ववत येतं. तुमच्या वर्णनात हा दुसरा प्रकार सरळ दिसतोय. पॅडही तापले असणार, वास त्यांचाच, पण पेडल खाली नेलं ते ऑइलने.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. झाकण बंद असलं तरी रबरी होजमधून (नळ्यांमधून), सीलमधून ओल हळूहळू आत जाते, आणि आपल्याकडे चार महिने पावसाळी हवा. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) नवं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं असं मानक सांगतं. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की तीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. म्हणजे मुरलेलं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षाही लवकर उकळू शकतं. म्हणूनच दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी किती चालली ते बघायचं नाही. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस बिलांत ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद शोधा. सापडली नाही तर कधीच बदललेलं नाही असं धरून चाला.

आता घाटात उष्णता किती तयार होते ते बघा, म्हणजे मोठ्या डिस्कचा प्रश्नही उलगडेल. गाडी सुमारे अकराशे किलो, माणसं आणि सामान धरून तेराशे म्हणू. ८० च्या वेगावरून पूर्ण थांबताना साधारण ३२० किलोज्यूल उष्णता होते. पुढची एक डिस्क पाच किलोची धरली आणि पुढच्या ब्रेकवर सत्तर टक्के भार धरला, तर अशा एका थांबण्याने डिस्क ४५ ते ५० अंशांनी तापते. ठीक आहे, चालताना निवते. पण सिंहगडावरून गाडी ५०० मीटर उंची उतरली तर जवळजवळ ६.४ मेगाज्यूल बाहेर टाकावे लागतात. हे ८० वरून वीस वेळा थांबल्याइतकं झालं. बंबात वीस लिटर गार पाणी ओतून ते उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढी. वेग कमी असतो, त्यामुळे चाकांना वारा लागत नाही आणि वाऱ्याचा अडसरही मदतीला नसतो. सगळा भार दोनच जणांवर, इंजिन किंवा ब्रेक.

म्हणून घाटाचा पहिला ब्रेक म्हणजे गिअर. डीएसजी डी मध्ये ठेवून उतरलात तर तो वरचा गिअर पकडतो आणि गाडी मोकळी पळते. लिव्हर मॅन्युअलवर घ्या आणि उतार सुरू व्हायच्या आधी दुसरा लावा. १.२ चं इंजिन लहान, त्याचं इंजिन ब्रेकिंग बेताचंच, त्यामुळे तिसरा पुरत नाही. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवायचा नाही. वळणाआधी ठामपणे दाबायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे डिस्कला मध्ये निवायला वेळ मिळतो. न्यूट्रल तर कधीच नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर काय काय झालंय ते आपण पुणेकर वर्षानुवर्षं वाचतोय. तिथल्या अवजड गाड्यांचं गणित हेच आहे, फक्त तेराशे किलोच्या जागी तीस-चाळीस टन.

पॅडच्या भुकटीने डावं अलॉय काळं होतं, याचा अर्थ डाव्या बाजूचा पॅड जास्त झिजतोय. बहुतेक तिकडच्या कॅलिपरच्या स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो) सुकल्या आहेत किंवा पिस्टन मागे सरकत नाही, म्हणजे तुम्ही पेडल सोडता तरी पॅड डिस्कला घासत राहतो. तसं असेल तर ऑइल आधी तिथेच उकळलं असणार. सपाट रस्त्यावर ब्रेक फारसा न वापरता पाच-सात किलोमीटर चालवा, थांबून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात धरा. हात लावू नका, नुसता जवळ धरा. फरक लगेच जाणवेल.

स्टिअरिंगच्या थरथरीला सगळे ‘डिस्क वाकली’ म्हणतात. चाचण्यांत आम्हाला खरी वाकलेली डिस्क क्वचित दिसायची. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की त्याचा थर डिस्कवर कमीजास्त चिकटतो, जाडी जागोजागी बदलते, आणि तेच पायाला आणि स्टिअरिंगला जाणवतं. हबवर गंज असताना डिस्क बसवली तरी असंच होतं. लेथवर फेस मारून घ्यायच्या आधी जाडी मोजायला लावा. डिस्कच्या टोपीवर (मधल्या उंच भागावर) किमान जाडी कोरलेली असते. फेस मारून त्याखाली जाणार असेल तर डिस्क बदलायचीच, आणि दोन्ही बाजूंची एकदम.

मागचे ड्रमही उघडा. शू (ड्रमला आतून घासणारे पॅड) ड्रमजवळ ठेवणारा ॲडजस्टर जाम झाला की ते ड्रमपासून लांब राहतात, पेडलची निम्मी चाल तिथेच वाया जाते आणि मागचं काम पुढच्यांवर पडतं. लोक अशा वेळी हँडब्रेकची केबल ओढून घट्ट करतात. त्याने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, टायर. गाडीला शेवटी थांबवतो तो टायर. कोरड्या रस्त्यावर पूर्ण दाबल्यावर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली थडथडत असेल तर ब्रेककडे टायरपेक्षा जास्त जोर आहेच. मग डिस्क ताटाएवढी केली तरी एकदा थांबायचं अंतर कमी होणार नाही. ८० वरून ०.७ जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट मंदनाने) थांबलात तर ३६ मीटर लागतात, ०.९ जी ने २८ मीटर. हे आठ मीटर, म्हणजे दोन गाड्यांची लांबी, टायरचं रबर ठरवतं. बाजूच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. टायर जुना असेल तर नक्षी भरपूर असली तरी रबर कडक झालेलं असतं, आणि ओल्या रस्त्यावर ते फार जाणवतं.

मोठ्या डिस्कला माझा विरोध नाही. सहकारनगर यांच्या रिमॅप केलेल्या गाडीला ती शोभते. वजन जास्त म्हणून ती उशिरा तापते आणि घेर मोठा म्हणून कमी दाबात तेवढाच ब्रेक देते. हे खरे फायदे आहेत. पण कॅलिपरचा पिस्टन किती मिमीचा हे विचारल्याशिवाय घेऊ नका. ४८ ऐवजी ५४ चा आला तर क्षेत्रफळ २७ टक्के वाढतं. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा) तोच, म्हणून पेडल जास्त खाली जाणार. आणि फक्त पुढचा जोर वाढला की पुढची चाकं आधी एबीएसवर जातात, मागच्यांच्या वाट्याचं काम होतच नाही. गाडीचे ब्रेक, एबीएस आणि ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) यांचा मेळ कारखान्यात बसवलेला असतो आणि मान्यता त्या मेळाला मिळालेली असते. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ रचनेबाहेरच्या बदलांना मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते.

तर क्रम असा ठेवा. आधी गाडी उचलून चारही चाकं उघडायची, जाम आहे ते सोडवायचं, ऑइल पूर्ण बदलायचं, होज बघायचे. मग चांगले पॅड, लागल्या तर मूळ मापाच्या डिस्क, आणि उरलेले पैसे टायरला. एवढं केल्यावर पुन्हा सिंहगड उतरा. तेव्हाही पेडल गेलं तर २८८ चा विचार करू.

नानापेठेतला_पार्टवाला

काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त माल घेताना काय बघायचं ते लिहितो.

दुकानात ‘पोलोचे पॅड द्या’ म्हणू नका. डिकीत स्टेपनीच्या खोबणीत एक स्टिकर असतं, सर्व्हिस बुकातही असतं. त्यावर बारीक अक्षरांत बरेच कोड असतात. पुढच्या ब्रेकचा कोड १झेड किंवा १एल ने सुरू होतो. त्याचा फोटो काढून आणा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या मापाचे ब्रेक येतात, आणि सगळ्यात जास्त माल याच कारणाने परत येतो.

पॅडच्या कडेला दोन अक्षरं छापलेली असतात, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड घाटासाठी घेऊ नका. आणि अक्षरंच नसतील तर कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. आटे, टीआरडब्ल्यू, ब्रेम्बो, फेरोडो, बॉश यांपैकी तुमच्या कोडचा जो मिळेल तो चालेल, पण पक्कं बिल घ्या. या नावांचे नकली खोके बाजारात येतात.

घाटवेडी (कोथरूड)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मोबाइलवर उघडून दुसऱ्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. त्यांनी चारही चाकं माझ्यासमोर उघडली.

पुढच्या डाव्या कॅलिपरची खालची पिन पूर्ण जाम होती, पाना लावून फिरवत बाहेर काढावी लागली. तिथला आतला पॅड पत्र्याला टेकायला आला होता, बाहेरचा निम्मा शिल्लक. ऑइल चहाच्या रंगाचं, आणि ओल मोजायच्या पेनवर लाल दिवा. बिलांत बदलल्याची नोंद कुठेच नाही. मागे उजव्या ड्रमचा ॲडजस्टर गंजून बसला होता. डिस्क दोन्ही किमान जाडीच्या खाली. टायर २०१६ चे.

तर आता मूळ मापाच्या साध्या डिस्क, एफएफ पॅड, पिनचं किट, दोन्ही बाजूंचे पुढचे होज आणि १८५/६० आर१५ चे चार नवे टायर, एवढं ठरवलंय. तीन शंका राहिल्यात. ऑइल डॉट ४ घेऊ की ५.१? मागे डिस्क करण्याचा विचार कायमचा सोडू का? आणि नवे पॅड ‘बसवून’ घ्यायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

भोसरीचा टेस्टबेंच

ताई, वाचून फार बरं वाटलं. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा शिल्लक, ही जाम पिनची खूण. अशा वेळी चाकाच्या आरांमधून डोकावून बघणाऱ्याला बाहेरचाच पॅड दिसतो आणि तो म्हणतो अजून भरपूर आहे.

तुमच्या गाडीला एबीएस आणि ईएसपी आहे, त्यांच्या झडपा बारीक, म्हणून पातळ प्रकारचं डॉट ४ मिळालं तर उत्तम, त्याला क्लास ६ म्हणतात. ५.१ ही चालेल. त्याची किमान मर्यादा कोरड्यात २६० आणि ओल्यात १८०, पण तेही दोन वर्षांनी बदलायचंच. नुसतं ५ लिहिलेलं ऑइल मात्र चुकूनही घालू देऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, वेगळीच जात. बाटली सीलबंद हवी, अर्धवट उघडून ठेवलेली नको. ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणं) मॅन्युअलमधल्या क्रमाने करा, आणि एबीएसच्या पंपात हवा शिरली असेल तर स्कॅनर लावूनच ती निघते.

मागची डिस्क सोडून द्या. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, एवढ्या हलक्या गाडीत मागच्या चाकांना करायला कामच थोडं उरतं, आणि ड्रम ते नीट करतो. बदलायचं म्हटलं तर हँडब्रेकची केबल, हब आणि पुढचा-मागचा तोल सगळंच हलतं. ॲडजस्टर मोकळा करून शू नीट लावले की हँडब्रेकही आपोआप वर धरायला लागेल. पावसात कुठे चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून गेलात, उदाहरणार्थ नदीपात्रातल्या रस्त्याने, तर बाहेर आल्यावर हळू चालवत दोन-तीनदा हलका ब्रेक लावून ड्रम सुकवून घ्या. पाण्यात ड्रमची पकड डिस्कपेक्षा जास्त वेळ जाते.

पिनना साधं काळं ग्रीस लावू देऊ नका, रबर फुगतं. ब्रेकसाठीचं रबर ग्रीस किंवा सिलिकॉन ग्रीसच हवं. डिस्क बसवायच्या आधी हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करायला सांगा, आणि नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसायला सांगा. चाकाचे बोल्ट शेवटी टॉर्क रेंचनेच.

पॅड बसवणं म्हणजे पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर सगळीकडे चढवणं. सकाळी लवकर, मागे कोणी नसताना, पौडच्या पुढे मुळशीकडचा मोकळा सरळ रस्ता बघा. ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा ६० ला जायचं. असं दहा वेळा, प्रत्येक वेळी मध्ये थोडं अंतर चालवून. नंतर ब्रेकला हात न लावता आठ-दहा किलोमीटर चालवत निवू द्यायचं. तापलेल्या ब्रेकवर थांबून पेडल दाबून धरलं तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि तुमची थरथर परत येते, त्यामुळे त्या वेळी सिग्नल किंवा टोलनाका वाटेत नको. थोडा वास येईल, घाबरू नका. पहिले तीनशे किलोमीटर घाट टाळा.

टायर नवे आहेत, तेही सुरुवातीला जरा घसरे असतात, तेवढे दिवस ओल्या रस्त्यावर अंतर जास्त ठेवा.

आणि हजारेक किलोमीटर झाले की पुढची दोन्ही चाकं उतरवून चारही पॅडची जाडी व्हर्नियरने मोजून इथे टाका. आतला आणि बाहेरचा सारखा झिजतोय का ते बघू. डावा आतला पुन्हा पुढे पळताना दिसला तर पिस्टनचं सील बदलावं लागेल, त्याचं किट वेगळं मिळतं.